वंदनेनंतरच्या शांततेतली घरघर

आपल्या गटाची ऑनलाइन वंदना रविवारी सकाळी साडेनऊला सुरू होते. उन्हाळ्यात भारतात तेव्हा दुपारचा एक वाजलेला असतो, त्यामुळे जेवणे आटोपून तिकडची वडीलधारी मंडळीही सहभागी होतात. त्रिशरण, पंचशील, बुद्धपूजा असा क्रम झाला की पाच मिनिटे आनापानसती असते. गेल्या वर्षी यजमानपद माझ्याकडे, म्हणजे कायझर्सलाउटर्नच्या आमच्या दोन खोल्यांच्या घराकडे आले. पहिल्याच रविवारी ती पाच मिनिटे संपताच नागपूरच्या एका ज्येष्ठ उपासकांनी अत्यंत सौजन्याने विचारले, “ताई, तुमच्याकडे पिठाची चक्की सुरू आहे काय?”

चक्की नव्हती, परंतु घरघर होती. मंद, खालच्या सुरातली, अखंड. वंदना चालू असताना ती कुणाच्या लक्षात आली नव्हती. सर्वांनी बोलणे थांबवून श्वासाकडे लक्ष वळवले तेव्हाच ती उघडी पडली.

या घरघरीने मला तीन महिने गुंतवून ठेवले. तिच्याकडे दुर्लक्ष करण्याची सोय नव्हती, कारण ज्या यंत्रणेतून ती येत होती तिच्याद्वारेच मला एक ध्वनिफीत संगणकात उतरवून घ्यायची होती. नव्वद मिनिटांची कॅसेट. वर निळ्या शाईने “१४ एप्रिल १९८९, जयंती, गायन पार्टी” एवढेच लिहिलेले. अकोला जिल्ह्यातील आमच्या वस्तीत त्या रात्री माझ्या वडिलांनी भीमगीते गायली होती. वडील आता नाहीत. त्यांच्या आवाजाची दुसरी कोणतीही नोंद आमच्या कुटुंबाकडे नाही. अशी जुनी फीत प्रत्येक वेळी वाजवताना तिच्यावरील चुंबकीय थराची थोडी झीज होतेच. म्हणून ती वाजवायची ती शक्य तितक्या कमी वेळा, आणि तेही घरातला प्रत्येक नको असलेला आवाज आधी शोधून बंद केल्यानंतरच, असे मी ठरवले होते. हा निश्चय पुढे मोडला, ते ओघाने येईल.

आधी मांडणी सांगते. कॅसेट डेक आणि त्याच्या जोडीचा जुना रेडिओ-रिसीव्हर मी इथल्या जुन्या बाजारात, ज्याला जर्मन लोक फ्लोमार्क्ट म्हणतात, तिथे घेतला. शेजारच्याच टेबलावर एक काळे पफाफ शिवणयंत्र विकायला ठेवलेले होते. ही पफाफ कंपनी याच शहरातली. तिचे संस्थापक गेओर्ग मिखाएल पफाफ हे मुळात पितळी वाद्ये घडवणारे कारागीर. १८६२ मध्ये त्यांनी पहिले शिवणयंत्र तयार केले आणि वाद्यांचे गाव शिवणयंत्रांचे झाले. असो. डेक रिसीव्हरला जोडला, रिसीव्हरमधून निघणारी तार ऑडिओ इंटरफेसला, इंटरफेस यूएसबीने लॅपटॉपला. वंदनेचा मायक्रोफोनही त्याच इंटरफेसला. रिसीव्हरवर रेडिओ ऐकू यावा म्हणून भिंतीतल्या केबलच्या सॉकेटची तार त्याला लावलेली होती. या शेवटच्या तारेकडे वाचकांनी लक्ष ठेवावे.

एक प्रश्न आधीच निकालात काढला पाहिजे: बैठकीच्या ॲपमध्ये गोंगाट आपोआप काढून टाकण्याची सोय असताना ही घरघर सर्वांना ऐकू गेलीच कशी? कारण ती सोय मीच बंद केली होती. ही सोय माणसाच्या बोलण्याला जपते आणि बाकीच्या सलग, स्थिर ध्वनीला गोंगाट समजते. वंदनेच्या आरंभी आपण घंटा वाजवतो. तिचा पहिला टोला जाई आणि मागून हळूहळू विरत जाणारा नाद कुऱ्हाडीने तोडल्यासारखा नाहीसा होई. गाथांच्या लांबवलेल्या अंत्यस्वरांचीही तीच गत. म्हणून मी “मूळ ध्वनी” हा पर्याय निवडला. घंटा परत मिळाली आणि तिच्यासोबत घरघरही आली. सामूहिक पठण ज्यांच्याकडे असेल त्यांनी हा पर्याय अवश्य निवडावा. मात्र मग आपले घर शांत ठेवण्याची जबाबदारी आपलीच असते.

आता घरघरीकडे. जर्मनीत आणि भारतात घरगुती वीज सारखीच आहे: २३० व्होल्ट, सेकंदाला ५० आवर्तने. त्यामुळे विजेच्या तारांतून ध्वनियंत्रणेत शिरणारी घरघर ५० हर्ट्झची आणि तिच्या पटींची, म्हणजे १००, १५०, २०० अशी असते. ती ऐकून ओळखता येते. पेटीवरच्या खालच्या सप्तकातील एखादी पट्टी कुणी दाबून धरावी तशी ती भासते. जर्मन भाषेत तिला ‘ब्रुमेन’ म्हणतात आणि तिच्या सर्वांत सामान्य कारणाला ‘ब्रुमश्लाइफ’, म्हणजे घरघरीचे वेटोळे. दोन यंत्रे ध्वनीच्या तारेने एकमेकांना जोडलेली असतात आणि दोन्ही यंत्रांना वेगवेगळ्या वाटेने जमिनीचा संपर्क, म्हणजे अर्थिंग, मिळालेले असते. त्या दोन ठिकाणच्या जमिनींत काही सहस्रांश व्होल्टांचा फरक असतोच. त्या फरकामुळे ध्वनीच्या तारेच्या आवरणातून क्षीण विद्युत्प्रवाह वाहू लागतो आणि ॲम्प्लिफायर त्यालाच गाणे समजून मोठे करतो. दोन्ही यंत्रे निर्दोष, तार निर्दोष. दोष फक्त त्यांच्या जोडणीत. कार्यकारणाची साखळी कुठेही तोडली तरी परिणाम नाहीसा होतो, हे आपल्याला नव्याने शिकावे लागत नाही.

परंतु साखळी कुठे आहे हे अंदाजाने सांगू नये. मी पहिला महिना अंदाजातच घालवला. नवी तार आणली, सोनेरी टोकांची आणि महाग, फरक शून्य. यंत्रे खोलीच्या दुसऱ्या भिंतीला नेली, फरक शून्य. त्यानंतर वही घेऊन बसले आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बदल लिहायचा, ती पूर्ववत करायची आणि मगच पुढची बदलायची, असा नेम केला. पहिली पायरी म्हणजे आवाजाचे बटण शून्यावर नेणे. बटण शून्यावर असतानाही घरघर राहिली, तर ती त्या बटणाच्या पुढे, म्हणजे स्पीकरच्या बाजूला जन्मते. नाहीशी झाली, तर मागे. माझ्याकडे ती नाहीशी झाली. दुसरी पायरी: लॅपटॉपचा चार्जर काढून तो बॅटरीवर चालवणे. घरघर थांबली. चार्जर लावला, परत आली. तिसरी पायरी: चार्जर लावलेलाच ठेवून भिंतीतल्या केबलची तार रिसीव्हरमधून उपटणे. घरघर पुन्हा थांबली, आणि या वेळी ती चार्जर लावलेला असताना थांबली.

वेटोळे सापडले. लॅपटॉपच्या चार्जरला शुको पद्धतीचा प्लग आहे. बाजूला धातूच्या दोन पट्ट्या असलेला हा जर्मन प्लग अर्थिंग देतो. रिसीव्हरचा प्लग मात्र दोन पिनांचा, बिनअर्थिंगचा. म्हणून मी त्याला संशयातून आधीच वगळले होते. पण त्याला जमीन मागच्या दाराने मिळत होती. केबलच्या तारेचे आवरण इमारतीच्या तळघरात स्वतंत्रपणे भूसंपर्कित केलेले असते. लॅपटॉप, इंटरफेस, रिसीव्हर, केबल, तळघर आणि पुन्हा चार्जर असा तो फेरा होता.

यावर इथे ‘मांटलश्ट्रोमफिल्टर’ नावाचा अंगठ्याएवढा तुकडा मिळतो. तो केबलची तार आणि रिसीव्हर यांच्यामध्ये बसवतात. रेडिओच्या लहरी तो जाऊ देतो, आवरणातून वाहणारा प्रवाह अडवतो. वेटोळे केबलमुळे नसून दोन यंत्रांच्या प्लगांमुळेच असेल, तर ध्वनीच्या वाटेत छोटा विलगीकरण ट्रान्सफॉर्मर बसवावा लागतो. तो ध्वनी चुंबकीय क्षेत्रातून पलीकडे नेतो आणि धातूचा धातूशी संबंध तोडतो. स्वस्तातला ट्रान्सफॉर्मर खालचे सूर थोडे पातळ करतो, हे ढोलकी ऐकणाऱ्याने ध्यानात ठेवावे.

इथे एक गोष्ट कठोरपणे सांगणे भाग आहे. अनेकांनी मला दुसराच उपाय सुचवला: प्लगच्या अर्थिंगच्या पट्ट्यांवर चिकटपट्टी लावा, किंवा भारतात करतात तशी तिसरी पिन काढून टाका. घरघर त्याने जाते, हे खरे आहे. परंतु यंत्रात आत कुठे तार सुटून धातूच्या खोक्याला टेकली, तर फ्यूज उडवणारी वाट उरत नाही आणि २३० व्होल्ट त्या खोक्याला हात लावणाऱ्या माणसातून जातात. आवाजासाठी जीव टांगणीला लावणारा हा उपाय कुणीही करू नये. जुन्या घरात राहणाऱ्यांनी आणखी एक पाहावे. १९७३ पूर्वीच्या पश्चिम जर्मनीतील विद्युत्-जोडणीत शून्याची तार आणि संरक्षक तार ही एकच असू शकते. तिला इथे ‘क्लासिशे नुलुंग’ म्हणतात. त्या वर्षापासून नव्या घरांत तिला मनाई झाली, पण जुनी जोडणी अनेक इमारतींत तशीच आहे. अशा घरात परतीचा सगळा प्रवाह अर्थिंगच्याच तारेतून जातो, त्यामुळे वेटोळ्याची घरघर अधिक दांडगी होते. ते काम आपले नव्हे. घरमालकाला लेखी कळवून परवानाधारक विजतंत्र्याकडूनच तपासून घ्यावे.

भारतातील वाचकांना नेमका उलटा अनुभव येईल. तिथे लॅपटॉपच्या दोन पिनांच्या चार्जरमुळे धातूच्या झाकणाला हात लावला की झिणझिण्या येतात. चार्जरमधील एक छोटासा संधारित्र अत्यल्प प्रवाह पलीकडे झिरपू देतो आणि त्याला जायला जमीन मिळत नाही. तोच प्रवाह ध्वनीच्या तारेतून वाट काढतो. झाकणाला हात लावल्याबरोबर घरघरीचा पोत बदलत असेल, तर निदान जवळजवळ झालेच म्हणून समजावे. तिथे गरज आहे ती अर्थिंग तोडण्याची नव्हे, नीट अर्थिंग करून घेण्याची.

घरघर गेल्यावर तिच्याखाली दडलेले बारीकसारीक आवाज वर आले. एक होती बारीक, तीक्ष्ण शिट्टी; माउस हलवला की तिच्यावर किरकिर उमटे. ती यूएसबीची. यूएसबीच्या जलद जोडणीत संगणक दर १२५ मायक्रोसेकंदांनी, म्हणजे सेकंदाला ८,००० वेळा, उपकरणाला हाक मारतो, आणि ती हाक विजेच्या त्याच तारेतून इंटरफेसच्या पोटात शिरते. लॅपटॉपच्या दुसऱ्या बाजूचे छिद्र वापरल्यावर आणि मध्ये स्वतंत्र वीज घेणारा हब बसवल्यावर ती विरली. दुसरी होती अधूनमधून येणारी तडतड. तिचा विजेशी काही संबंध नव्हता. संगणकाला ध्वनीचे आकडे वेळेवर पोहोचवता येत नव्हते. इंटरफेसच्या नियंत्रणपटलावर बफर वाढवला, वायफाय बंद केले, तडतड थांबली. फीत उतरवताना वेळेची घाई नसते, तेव्हा बफर खुशाल मोठा ठेवावा. मायक्रोफोनमध्ये येणारे राम्श्टाइनच्या तळावरील अवजड विमानांचे आवाज मात्र आमच्या हातातले नाहीत. तळ शहराच्या पश्चिमेला आहे, आणि रविवारच्या विश्रांतीचा जर्मन कायदा शेजारच्याच्या ड्रिलला जसा लागू होतो तसा त्याला होताना दिसत नाही.

आता फितीची पाळी. ती हात न लावता बाजूला ठेवली होती, असे मी वर सूचित केले. ते पूर्ण खरे नाही. घरघर सापडण्यापूर्वीच, पहिल्या महिन्यात, मोह आवरला नाही आणि पहिली बाजू मी एकदा वाजवून उतरवली. वाटले, घरघर राहिली तर राहिली, नंतर संगणक साफ करील. आवाज साफ करणारी एक स्वयंचलित प्रणाली मिळाली. तिला मी सर्वाधिक ताकद लावायला सांगितले. अर्ध्या तासात तिने फीत धुऊन दिली. घरघर नाही, फितीची खरखर नाही, खोलीत शेजारी बसून गावे तसा एकटा स्वच्छ पुरुषी आवाज. मी आनंदाने ती फाईल आईला पाठवली.

आईने ती दोनदा ऐकली आणि फोन केला. “हा काही त्यायचा आवाज नव्हे, माय. असं बारीक नव्हते गात ते. अन् बाया कुठं गेल्या?”

बाया, म्हणजे मागे झील धरणाऱ्या स्त्रिया. भीमगीताच्या मैफलीत मुख्य गायकाने ओळ टाकायची आणि समोरच्या सतरंजीवरून बायकांनी ती उचलायची, ही आमच्याकडची रीत. प्रणालीला एक माणूस बोलताना किंवा गाताना कळतो. तीस स्त्रिया एकत्र, मायक्रोफोनपासून दूर आणि खंजिरीच्या छणछणाटात मिसळून गात असतील, तर तिच्या हिशेबी तो गोंगाट. तिने त्यांना खरखरीबरोबर पुसून टाकले होते. मूळ उतरवलेली फाईल मी जपून ठेवली होती, एवढेच शहाणपण माझ्याकडे होते. ध्वनिसंग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या मार्गदर्शिकेतही हेच सांगितले आहे: फीत जशी वाजते तशी, काहीही न काढता, उच्च प्रतीत उतरवून ती प्रत कायम राखावी, साफसफाई करायची ती तिच्या नकलेवर. उच्च प्रत म्हणजे २४ बिट आणि किमान ४८ हजार, शक्यतो ९६ हजार नमुने प्रतिसेकंद. बाबासाहेबांच्या आवाजाच्या उपलब्ध नोंदी मोजक्याच. १९५५ साली बीबीसीसाठी दिलेली मुलाखत त्यांतली एक. तिच्या “स्वच्छ केलेल्या” म्हणून फिरणाऱ्या नकला ऐकताना आता मला धास्ती वाटते. अक्षरांच्या कडा वितळलेल्या असतात, श्वास नाहीसे झालेले असतात, आणि तेच खरे मानून पुढची पिढी ऐकते.

आईचा दुसरा आक्षेप, आवाज बारीक असण्याचा, मला अधिक अवघड गेला. त्याचे उत्तर मिळाले ते ज्या घरघरीला मी वैरी मानत होते तिच्याकडूनच.

न धुतलेली पहिली फाईल पुन्हा ऐकताना ध्यानात आले की फीत सुरू होण्यापूर्वीची घरघर सपाट आहे, आणि फीत सुरू झाल्यावर तीच घरघर हेलकावू लागते; सेकंदाला साधारण तीनदा फुगते आणि ओसरते. दोन जवळजवळ सारखे, पण पुरते सारखे नसलेले सूर एकत्र वाजले की असे हेलकावे येतात. पेटी जुळवणारे कारागीर ते ऐकूनच पट्ट्या जुळवतात. म्हणजे घरघरी दोन होत्या. एक माझ्या घरातली. दुसरी फितीवर आधीच उमटलेली, १९८९ च्या त्या मैदानातली. धुणाऱ्या प्रणालीने दोन्ही एकदमच काढून टाकल्या होत्या.

केबलच्या तारेवर तो अंगठ्याएवढा तुकडा बसवून मी पहिली बाजू पुन्हा, या वेळी निवांत घरात, उतरवली. ऑडॅसिटी ही मोफत प्रणाली ध्वनीचा वर्णपट काढून दाखवते. कोणत्या वारंवारतेला किती जोर आहे ते आलेखात दिसते. मैदानातल्या भोंग्यातून खोल ५० चा सूर बाहेर पडू शकत नाही, पण ॲम्प्लिफायरच्या एकदिशकारकाची दुप्पट वारंवारता पडते. ती १०० असायला हवी होती. आलेखात उंचवटा होता १०३.२ वर. फीत मूळच्यापेक्षा जलद वाजत होती. वडील चढ्या सुरात, बारीक आवाजात गात होते ते त्यामुळे.

किती जलद? वीज त्या रात्री बरोबर ५० आवर्तनांची असती, तर शेकडा ३.२. पण त्या दशकांत भारतातील ग्रीड ५० वर स्थिर नसे; मागणी वाढली की वारंवारता ४९ च्याही खाली जाई. म्हणून एका साक्षीदारावर विसंबता येईना. दुसरा साक्षीदार होता पेटी. आईला पक्के आठवत होते की वडील काळी दोनच्या पट्टीत गात. फितीवरचा षड्ज काळी दोन आणि पांढरी तीन यांच्या मध्ये, पांढरी तीनच्या अंगाला झुकलेला पडत होता. हिशेब केला तर शेकडा चार. त्या मापाने त्या रात्रीची वीज ४९.६ आवर्तनांची ठरते, आणि हा आकडा त्या काळाला साजेसाच आहे. दोन्ही साक्षी जुळल्या.

दोष डेकचा की मूळ टेपरेकॉर्डरचा, हेही शोधता आले. डेक जलद असता, तर पंचेचाळीस मिनिटांची बाजू त्रेचाळीसच मिनिटांत संपली असती. ती सेहेचाळीस मिनिटे चालली, आणि अशा फिती मापापेक्षा थोड्या लांबच भरलेल्या असतात. म्हणजे डेक निर्दोष. १९८९ मध्ये टेपरेकॉर्डरच हळू फिरत होता. आईला विचारले, टेप विजेवर होता का? ती म्हणाली, वीज होती ती भोंग्याला आणि दिव्यांना. टेप सेलवर, आणि सेल कंदिलासारखे जपून वापरायचे. बाजूच्या शेवटच्या गाण्यात घरघरीचा उंचवटा १०४.८ वर चढलेला दिसतो, पेटीचा सूरही त्याबरोबर चढतो. सेल हळूहळू उतरत होते.

सुधारणा करताना एक चूक बहुतेकांकडून होते. शेकडा चार जलद असेल तर वेग शेकडा चारने कमी करायचा नसतो, ३.८५ ने करायचा असतो, १.०४ ने भागले की तेवढेच येते. आणि फक्त सूर उतरवणारे साधन वापरू नये, वेग बदलणारे वापरावे, कारण गाणे सुरात आणि लयीत दोन्हीकडे सारखेच पुढे पळालेले असते. पहिल्या गाण्यांना मी ३.८५ लावले, शेवटच्याला पेटीवर जुळवून थोडे अधिक. फितीची खरखर मी काढली नाही; वरच्या सुरांत किंचित दबवली, तेही नकलेवर. भोंग्याची घरघर अजिबात काढली नाही.

ती न काढण्याचे आणखी एक कारण एकतिसाव्या मिनिटाला सापडते. धुतलेल्या फाईलमध्ये त्या ठिकाणी वडिलांचा आवाज अकारण लहान होतो, जणू ते एकाएकी मागे सरकले. उतरवणीतली खोट समजून मी तेवढा भाग मोठा करून ठेवला होता. न धुतलेल्या फाईलमध्ये त्या क्षणी घरघर तुटते. एकदम, मध्येच. कुणीतरी मुलगा ओरडतो, “लाइन गेली!” सेलवर चालणारा टेप मात्र फिरतच राहतो. भोंगा मुका झालेला, वडील दोन ओळी उघड्या गळ्याने गातात, पेटी चालू, ढोलकी क्षणभर अडखळून पुन्हा लय पकडते. आणि मग टेपच्या अगदी समोर, सतरंजीवर बसलेल्या बायका झील उचलतात. भोंगा नसल्यामुळे या एवढ्या चार-पाच मिनिटांत त्या सर्वांत जवळ, सर्वांत स्पष्ट आहेत. लाइन परत येते, घरघर परत येते, मैदानभर “जयभीम” उठतो आणि बायका पुन्हा मागे जातात.

ही फाईल आईला पाठवली तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने मला बत्तीस मिनिटे वीस सेकंदांवर थांबवून पुन्हा लावायला सांगितले. झिलेत एक आवाज इतरांपेक्षा अर्धी मात्रा आधी सुरू होतो. “ती मी,” ती म्हणाली. “तुह्या बाबाले नेहमी राग येत जाय त्याचा.”

दुसरी बाजू अजून उतरवलेली नाही. कॅसेटच्या तोंडाशी फीत दाबून धरणारा नमद्याचा बारीक तुकडा निखळून पडला आहे. तो नसताना वाजवली तर आवाज आत-बाहेर होतो. एका रिकाम्या कॅसेटचे कवच मिळाले आहे, चार स्क्रूंचे, उघडता येणारे. पुढच्या रविवारी वंदना आटोपली की आतली चकती त्यात बदलून बसवायची आहे. त्या वेळी हात थरथरू नयेत म्हणून आधी दोन जुन्या कॅसेटवर सराव करते आहे.